झाडाचं नाव शेवटी लिहा

प्रश्न : मी नाशिकला पंचवटीत राहतो. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालंय. सप्टेंबरपासून एका सर्वेक्षणाच्या कामावर फील्ड असिस्टंट आहे. पेठ आणि हरसूल भागात प्लॉट (मोजणीचे चौरस) आखायचे, झाडं ओळखायची, बुंध्याचा घेर मोजायचा, असं काम. मोबाइलवरचं अ‍ॅप एकाच झाडाची तीन नावं दाखवतं आणि सोबतचे गावातले काका चौथंच सांगतात. वरिष्ठांनी माझी 40 झाडं फेरतपासली, त्यात 14 चुकलेली निघाली. मी आणि जोडीदार एकच झाड मोजतो तरी घेरात 5 ते 8 सेंटिमीटरचा फरक पडतो. कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही. पुढची फेरी फेब्रुवारीत आहे, तेव्हा तर झाडांवर पानंही नसतील. कुठून सुरुवात करू?

उत्तर : सगळ्यात आधी वरिष्ठांकडून त्या 14 झाडांची यादी मागून घ्या. तुम्ही काय लिहिलं आणि खरं काय निघालं, हे दोन रकान्यांत मांडा. बहुतेक दिसेल असं की चुका 14 असल्या तरी जोड्या चार-पाचच आहेत. ऐनाला अर्जुन लिहिलं, हेदाला शिवण, शिसवाला बिबळा. नवख्याच्या चुका जंगलभर विखुरलेल्या नसतात, त्या ठरलेल्या जोड्यांतच होतात. म्हणून दोनशे झाडांची यादी पाठ करत बसू नका. तुमच्या पट्ट्यात वारंवार येणारी 25-30 झाडं आणि त्यांच्यातल्या फसव्या जोड्या एवढ्यावरच ही थंडी घालवा.

दुसरं, सवयीचं. झाडासमोर उभं राहिलं की डोक्यात आधी नाव येतं आणि मग डोळे त्या नावाला पुरावे शोधायला लागतात. अ‍ॅपनं हे आणखी सोपं करून ठेवलंय. वहीत नावाचा रकाना सगळ्यात शेवटी ठेवा. त्याआधी साल, पानांची मांडणी, पान साधं की संयुक्त (म्हणजे एकाच पानाच्या अनेक पर्णिका, छोटे भाग झालेले), चीक किंवा डिंक, काटे, फूल-फळ हे रकाने भरले गेलेच पाहिजेत. नाव आलं नाही तर 'अज्ञात 1', 'अज्ञात 2' असं लिहून पुढे जा. अज्ञात लिहिलेलं झाड नंतर ओळखता येतं. चुकीचं नाव पडलेल्या झाडाकडे मात्र पुन्हा कुणी वळून बघत नाही.

पानांच्या मांडणीपासून सुरू करा, कारण त्या एका प्रश्नानं निम्मी झाडं बाजूला पडतात. डहाळीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? समोरासमोर असली तर दोन देठांच्या मधल्या जागेत डहाळीवर छोटंसं त्रिकोणी उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं पानासारखं बारीक अंग) किंवा त्याचा वण दिसतो का ते बघा. दिसला तर झाड बहुधा कदंबाच्या कुळातलं. हेद (काही जण हळदू म्हणतात) आणि शिवण दोघांची पानं हृदयाच्या आकाराची, दोघांची समोरासमोर, म्हणून गोंधळ होतो. पण उपपर्ण हेदालाच असतं. शिवणीला ते नसतं, उलट पानाच्या बुडाशी देठाजवळ बारीक ग्रंथी (उठावदार ठिपके) असतात. साग ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही, पण रोपवनातल्या कोवळ्या रोपाबद्दल शंका आली तर डहाळी बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागते. कोवळं पान तळहातावर चोळलं तर लाल रंग येतो.

मग साधं पान की संयुक्त, हा प्रश्न. इथे वनस्पतिशास्त्राचे पदवीधरही घसरतात. पर्णिकेच्या बुडाशी कळी नसते, पानाच्या बुडाशी असते. हातातलं जे पान वाटतंय त्याच्या देठाच्या बगलेत कळी दिसली तर ते पान, नाही दिसली तर ती पर्णिका, आणि खरं पान आणखी खाली कुठेतरी सुरू होतंय. आवळा या परीक्षेत सगळ्यांना पाडतो. त्याची बारीक पानं बघून संयुक्त पान वाटतं, पण ती साधी पानं आहेत आणि ती जिच्यावर आहेत ती एक गळून पडणारी छोटी डहाळी आहे. पुरावा हवा असेल तर फुलं-फळं बघा. ती त्या डहाळीवरच लागलेली असतात आणि पर्णिकांच्या मध्ये फळ कधी लागत नाही. सप्तपर्णीचंही असंच. तिची सात पानं एका बिंदूतून निघालेली दिसतात, पण ती साधी पानं आहेत, फांदीभोवती वलयात मांडलेली, आणि तोडली की पांढरा चीक येतो. काटेसावरीच्या पाच-सात पर्णिका मात्र खरोखर एका लांब देठाच्या टोकावर बसलेल्या असतात.

तीन पर्णिकांची झाडं वेगळी काढून ठेवा. पळस, पांगारा, तिवस, बेल, वायवर्णा. बेलाला काटे आणि पान चुरगळलं की वास, त्यामुळे तो लगेच सुटतो. वायवर्ण्याच्या तिन्ही पर्णिका एकाच बिंदूतून निघतात. पळस-पांगाऱ्यात मधली पर्णिका पुढे जाऊन वेगळ्या देठावर बसते. पळसाचं पान चामड्यासारखं जाड आणि खरखरीत, पांगाऱ्याचं पातळ, आणि पांगाऱ्याच्या फांद्यांना काटे. शिसव आणि बिबळा ही जोडी जास्त चिवट आहे. दोघांच्या पर्णिका एकाआड एक, संख्या पाच-सात. शिसवाची पर्णिका गोलसर, बिबळ्याची लांबट आणि टोकाशी किंचित खाचलेली. झाडाखाली पडलेलं फळ सापडलं की वाद मिटतो. बिबळ्याचं फळ गोल चकतीसारखं, मध्ये बी आणि भोवती पंख. शिसवाची शेंग लांबट, चपटी, कागदासारखी. म्हणून मान वर करण्याआधी खाली बघा. गेल्या हंगामाचं फळ पालापाचोळ्यात हमखास सापडतं. फक्त ते शेजारच्या झाडाचं नाही ना, याची खात्री करा.

आता ऐन आणि अर्जुन. तुमच्या भागात हा घोळ नावातूनच सुरू होतो. 'सादडा' म्हणजे कुणाला ऐन, कुणाला अर्जुन. ऐनाची साल काळपट आणि खोल चिरांनी चौकोनांत फुटलेली, सुसरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची गुळगुळीत, फिकट राखाडी-पांढुरकी, मोठे पापुद्रे सुटणारी. जागाही बोलते. अर्जुन ओढ्याकाठी आणि नदीकाठी, ऐन डोंगरउतारावर. फळ दोघांचं पाच पंखांचं, त्यामुळे फळावरून पटकन निकाल देऊ नका. अर्जुनाचे पंख अरुंद आणि कडक, ऐनाचे रुंद. पान उलटं करून बघा. ऐनाच्या ग्रंथी पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेच्या बुडाशी असतात, अर्जुनाच्या देठ आणि पातं जुळतात तिथे. याच कुळातला धावडा लांबूनच पांढुरक्या, गुळगुळीत खोडावरून कळतो. पानं लहान, फळांचे गोंडे शर्टाच्या बटणाएवढे.

गावातले काका चौथं नाव सांगतात तेव्हा ते चुकत नसतात. एकाच शब्दाची दोन झाडं असू शकतात, एका झाडाची चार नावं असू शकतात. खानदेशातला अंजन म्हणजे जोड-पर्णिकांचा उंच वृक्ष. कोकण-घाटातली अंजनी म्हणजे निळ्या फुलांचं झुडूप. (अंजनेरी डोंगराचा या दोघांशीही संबंध नाही, ते नाव हनुमंताच्या आईचं.) कळंबाचंही तेच. म्हणून काकांना नाव विचारून थांबू नका, 'याचं काय करता?' हे विचारा. टेंभुर्णीच्या पानांची विडी, पळसाच्या पत्रावळी, मोहाची वेचलेली फुलं, धावड्याचा डिंक. उपयोगातून झाड जास्त नेमकं कळतं. सांगितलेलं नाव त्यांच्याच उच्चारात, गावाच्या नावासकट लिहा. प्रमाण मराठीत 'दुरुस्त' करू नका. दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचन विकला जातो, तेव्हा शहराकडून आलेल्या नावांचाही फार विश्वास धरायला नको.

बिबळा आणि बिब्बा ही नावं ऐकायला जवळची, म्हणून एक ताकीद. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, काहींना दिवसभरात चेहरा सुजतो. बिब्ब्याचं पान साधं, मोठं, टोकाकडे रुंद होणारं, खालून फिकट, फांदीच्या शेंड्याला गर्दीनं आलेलं. असं पान दिसलं तर तोडायला जाऊ नका. चीक बघण्यासाठी कुऱ्हाडीनं सालीवर घाव घालायची जुनी पद्धतही सोडा. झाडाला कायमची जखम होते आणि कीड-बुरशीला वाट मिळते. पानाचा देठ मोडला तरी चीक कळतो. पावसाळ्यानंतर वेलींना हात घालताना खाजकुयलीच्या शेंगा बघून घ्या. तिची लव वाऱ्यानंही उडते.

फेब्रुवारीत पानं नसतील ही तुमची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय आत्ताच करता येतो. पानं आहेत तोवर प्रत्येक ओळखीच्या झाडाच्या सालीचा फोटो काढा, छातीच्या उंचीवर, शेजारी फूटपट्टी धरून, सावलीत. कोवळ्या झाडाची आणि जुन्याची साल वेगळी दिसते, म्हणून प्रत्येक जातीचे किमान तीन वेगवेगळ्या जाडीचे बुंधे घ्या. काटेसावरीच्या जुन्या खोडावरचे काटे झिजून जातात, कोवळ्यावर ते पाहिले नसतील तर मोठं झाड कोड्यात टाकतं. शिवाय फेब्रुवारी-मार्च अगदीच कोरडा नाही. पळस, पांगारा, सावर फुलतात, शिवणीला पिवळसर-तपकिरी फुलं येतात आणि कुसुमाची लालभडक पालवी अर्ध्या किलोमीटरवरून दिसते. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीनं पण सुट्या लोंबतात, काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात. वाळलेल्या शेंगा पानगळीनंतरही टिकतात.

अ‍ॅप टाकून देऊ नका, पण त्याला नुसतं एक पान दाखवून उत्तर मागू नका. पाच फोटो घ्या : पूर्ण झाड, साल, मांडणी दिसेल अशी डहाळी, पानाच्या दोन्ही बाजू, आणि फूल किंवा फळ. अ‍ॅपनं सुचवलेलं नाव तुमच्या आधी भरलेल्या रकान्यांशी जुळतं का तेवढं तपासा. मांडणीच जुळत नसेल तर टक्केवारी कितीही दाखवू दे, ते नाव खोडा.

सरावाला दर वेळी हरसूल गाठायची गरज नाही. सोमेश्वरपासून वर गंगापूर धरणाकडे गोदाकाठानं करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ भेटतात. पांडवलेणीच्या पायथ्याच्या वनोद्यानात लावलेली झाडं बघून जाती तोंडओळखीच्या होतात, पण लावलेल्या आणि आपोआप उगवलेल्या झाडाची शरीरयष्टी वेगळी असते हे ध्यानात ठेवा. अंजनेरीला जरूर जा, फक्त तिथे काहीही उपटू नका. अंजनेरीवरून नाव पडलेली सेरोपेजियाची म्हणजे कंदीलपुष्पाची एक जात तिथली आहे आणि ती फारच थोड्या जागी उरली आहे. येवला-नांदगावकडे एखादा रविवार घालवलात तर बाभूळ, हिवर, खैर हे काटेवाले एकत्र बघायला मिळतील. बाभळीचे काटे सरळ, लांब, पांढरे, शेंग मण्यांच्या माळेसारखी. खैराचे काटे आखूड, वाकडे, जोडीनं. हिवराची साल पिवळसर पांढरी. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि पूर्वेच्या तालुक्यांत 500-600. एकाच जिल्ह्यात जंगल इतकं बदलतं ते यामुळे.

आता घेर. तुमचा 5-8 सेंटिमीटरचा फरक बहुधा तीन कारणांतून येतो. पहिलं, उंची. छातीची उंची म्हणजे तुमची छाती नव्हे. आपल्याकडे ती जमिनीपासून 1.37 मीटर धरतात. बांबूची 137 सेंटिमीटरची काठी कापा आणि प्रत्येक झाडाला टेकवा. उतारावर काठी नेहमी वरच्या बाजूच्या जमिनीवर टेकवायची. 30 अंशांच्या उतारावर 30 सेंटिमीटर जाडीच्या झाडाला वरून आणि खालून मोजलं तर मापाची जागा जवळजवळ 17 सेंटिमीटर सरकते, आणि बुंधा खाली जाड होत जातो. दुसरं, टेप. ती खोडाच्या अक्षाला काटकोनात हवी, जमिनीला समांतर नव्हे. झाड कललेलं असेल तर टेपही तितकीच कलते. टेप तिरपी गेली की माप नेहमी जास्तच येतं. 20 अंशांनी तिरपी गेली तर 100 सेंटिमीटरच्या झाडाला 103 लागतात. मागच्या बाजूला टेप कुठे गेली ते जोडीदारानं बघायचं, मोजणाऱ्याला ते दिसतच नाही. तिसरं, टेपचा शून्य. काही टेपांचा शून्य कडीच्या टोकाला असतो, काहींचा कडीनंतर थोडा आत. दोघांच्या टेपा एकमेकींवर ठेवून बघा. शिंप्याची कापडी टेप ओली झाली की ताणते, ती बाजूला ठेवा आणि फायबरची घ्या.

खोडावरची वेल टेपच्या खालून काढा, सुटलेली साल हातानं झाडा, घट्ट साल सोलू नका. 1.37 मीटरच्या खाली दुभंगलेलं झाड दोन झाडं म्हणून मोजतात, वर दुभंगलेलं एकच. नेमकी तिथेच गाठ किंवा फुगवटा असेल तर वर आणि खाली समान अंतरावर मोजून सरासरी घ्या, आणि शेऱ्यात तसं लिहा. तक्त्यात घेर मागितलाय की व्यास, हे रोज सकाळी एकदा वाचा. 94 सेंटिमीटर घेराचा व्यास सुमारे 30. व्यासाच्या रकान्यात घेर गेला तर लाकडाचं घनफळ जवळपास दहापट फुगतं, आणि ही चूक संगणकात कुणाला दिसत नाही, कारण 94 हा आकडा व्यास म्हणूनही अशक्य वाटत नाही.

प्लॉटचं थोडक्यात. 0.1 हेक्टरच्या चौरसाची बाजू 31.62 मीटर आणि कर्ण 44.72. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच कोपरे काटकोनात आहेत. पहिला कोपरा धरताना दोरीवर 3, 4 आणि 5 मीटरचा त्रिकोण करा. हे अंतर आडवं हवं, उतारावरचं नाही. 30 अंशांच्या उतारावर 31.62 मीटर मिळवायला जमिनीवरून 36.5 मीटर मोजावे लागतात. न मोजल्यास प्लॉट 13 टक्क्यांनी लहान होतो आणि तुमच्या डोंगराळ भागातली झाडं आकड्यांत विरळ दिसतात. हिशेब नको असेल तर टेप आडवी धरून पाच-पाच मीटरचे टप्पे करत जा, ओळंब्याला दगड बांधलेली दोरी पुरते. सीमेवरच्या झाडाचा नियम (बुंध्याचा मध्य आत असेल तर आत) पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एक ठरवून घ्या.

जीपीएसच्या नोंदीत अंश-मिनिटं आणि दशांश अंश यांची सरमिसळ हा जुनाच रोग. 20 अंश 30 मिनिटं म्हणजे 20.5. ते कुणी 20.30 असं उतरवलं तर प्लॉट सुमारे 22 किलोमीटर दक्षिणेला जाऊन बसतो. दाट झाडीत यंत्राला एका जागी काही मिनिटं स्थिर राहू द्या, मगच आकडा लिहा. आणि वहीत पेन्सिलच वापरा. शाई पावसात आणि घामातही पसरते.

अज्ञात झाडांचे नमुने घ्यायचे असतील तर आधी वन विभागाची लेखी परवानगी. राखीव वनात डहाळी तोडणंही कायद्याच्या कक्षेत येतं. फूल किंवा फळ असलेली साधारण 30 सेंटिमीटरची डहाळी, तीही झाडाची वस्ती पुरेशी असेल तरच. वर्तमानपत्रात पसरताना एक पान उलटं ठेवा म्हणजे खालची बाजू दिसते. सागाचं पान कागदात मावत नाही, ते इंग्रजी 'व्ही'सारखं दुमडा. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. जाड फळ वेगळ्या पिशवीत, त्याच क्रमांकाची चिठ्ठी घालून. तरीही नाव लागलं नाही तर पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथल्या संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून बघता येतं. पण क्रमांक, तारीख, जागा आणि सालीचं वर्णन नसलेला नमुना घेऊन गेलात तर तिथलेही हात टेकतील.

पायात घोट्याच्या वर येणारे बूट, हातात काठी. दगड उचलण्याआधी काठीनं हलवा, या खडकाळ भागात फुरसं असतं. कड्याखाली आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी तो प्लॉट सोडा. अंगाला अत्तर-डिओ लावून तर जाऊच नका.

आणि ती 14 झाडं. त्यांचे क्रमांक आणि जीपीएस तुमच्याकडे आहेतच. साग डिसेंबरपासून झडायला लागेल, म्हणून येत्या दोन-तीन आठवड्यांत, पानं आहेत तोवर, जोडीदाराला घेऊन पुन्हा त्याच झाडांपाशी जा. जुनी वही घरी ठेवा. दोघांनी न बोलता वेगवेगळे रकाने भरा, घेर मोजा आणि मग वह्या समोरासमोर धरा. जिथे साल किंवा मांडणीच्या रकान्यातच फरक पडला, तिथे अजून नावापर्यंत जाऊ नका.